पोचल्याचा निरोप

त्या घरात एक नियम होता. बाहेरगावी गेलेल्या माणसाचा ‘पोचलो’ असा निरोप आल्याशिवाय घरात कुणी जेवायला बसायचं नाही. नियम बाबांचा. बाबांनी बत्तीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. सुटलेली गाडी पोचल्याची खबर येत नाही तोवर ती रस्त्यातच आहे असं धरायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आई सुरुवातीला कुरकुरायची. मग एकदा ताईची कॉलेजची सहल सहा तास उशिरा आली, आणि नेमकी त्या दिवशी आई आधीच जेवून बसली होती. तेव्हापासून नियम बाबांपेक्षा आईच जास्त पाळू लागली. लग्न होऊन ताई दोन गल्ल्या पलीकडे गेली, तरी माहेराहून घरी पोचली की निरोप टाकायची. चालत जेमतेम चार मिनिटांचा रस्ता.

धाकटा छत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आई-बाबांजवळच राहणारा. तापमापक तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दवाखान्यांतून, कारखान्यांतून आलेल्या नळ्या एका ठरावीक तापमानाच्या पाण्यात बुडवायच्या, शेजारी खात्रीची नळी ठेवायची आणि दोन्हींत एक दशांश अंशाचा जरी फरक दिसला तरी तशी चिठ्ठी चिकटवायची, हे त्याचं काम. ‘अंदाजे’ हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारत नसे. तो कधी चिडत नसे म्हणून सहकाऱ्यांनी मुद्दामच त्याचं नाव पारा ठेवलं होतं.

तर या पाऱ्याने दोन वर्षं सगळ्यांचे कान किटवले होते. पाठीवर पिशवी टाकून परदेशात जायचं, एकट्याने, मिळेल त्या बसने, नव्वद दिवस. त्याने गावोगावचा कार्यक्रम आखला, कागदावर उतरवला. प्रयोगशाळेत निरोपाचा केक कापला. बाबांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पट्टीने रेघा मारून नव्वद चौकटींचा तक्ता लावला. प्रत्येक चौकटीत गावाचं नाव, आणि निरोप आला की लाल पेनाने बरोबरची खूण. त्याच्या निळ्या पिशवीला आईने नारिंगी कापडाचं ठिगळ शिवलं, गर्दीत ओळखू यावी म्हणून. निघण्याच्या आदल्या दिवशी जेवताना ताईने त्याला डिवचलं, पंधरा दिवसांत आईच्या हातचं आठवून परत येशील म्हणाली.

त्याने घास खाली ठेवला. “नव्वद दिवसांच्या आत दारात कुणी उभं राहिलं, तर तो मी नाही. घरात घेऊ नका.”

सगळे हसले. बाबा हसले नाहीत, पण मान डोलावून त्यांनी ते ऐकल्याचं दाखवलं.

पहिले दहा दिवस सरळ गेले. अकराव्या दिवशी सकाळी एका डोंगरातल्या छोट्या गावात, एका विश्रामगृहाच्या वरच्या मजल्यावर, चार नंबरच्या खोलीत त्याला जाग आली ती दातावर दात आपटत. छप्पर उतरतं होतं, त्यामुळे पलंगावर नीट उठून बसताही येत नव्हतं. खिडकीतून थेट खाली बसथांबा दिसायचा. आठच्या बसचं तिकीट खिशात होतं, चौदा नंबर, खिडकीजवळ. निळी पिशवी आदल्या संध्याकाळीच भरून दाराशी ठेवलेली. उशाशी त्याची स्वतःची नळी होती, लाकडी डबीतली, शून्य ते पन्नास अंशांची, दशांशाच्या खुणा असलेली. ती त्याने काखेत धरली. एकोणचाळीस पूर्णांक चार.

आठ वाजता खाली बसचा भोंगा वाजला. त्याने कूस वळवून काचेतून पाहिलं. बसमध्ये खिडकीजवळच्या एका बाकावर कुणीतरी बसत होतं. त्या माणसाने मांडीवर निळी पिशवी घेतली. तिच्यावर नारिंगी ठिगळ होतं. बस वळली, दिसेनाशी झाली. ताप आहे, असं त्याने स्वतःला बजावलं आणि डोळे मिटले.

एक वाजून गेल्यावर ताईचा निरोप आला. आई ताट वाढून बसलीये, पोचलास की नाही?

खरं तर दोन ओळींचं काम होतं. आजारी आहे, इथेच थांबलोय. पण लिहायला घेतलं आणि त्याला सगळं दिसलं. ताईचं हसू, प्रयोगशाळेतल्या लोकांच्या एकमेकांकडे पाहिलेल्या नजरा, तक्त्यातली अकरावी चौकट रिकामी ठेवताना बाबांचं न बोलणं. कानाच्या पाळ्या तापल्या त्या तापाने नव्हे. बिचारी आई उपाशी आहे, असं कारण त्याने मनाशी जुळवलं आणि टाइप केलं: पोचलो.

आयुष्यभरात एक दशांशाचं खोटं न बोललेल्या माणसाने पावणेदोनशे किलोमीटरचं खोटं बोलून टाकलं. मिनिटभरात बाबांचा अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी मालकीण झाडू घेऊन वर आली आणि उंबऱ्यातच थबकली. पन्नाशीची, कामाला वाघ अशी बाई. दोघांचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. ती म्हणाली, तुम्ही तर काल गेलात. त्याने नाही म्हटलं. तिने एप्रनच्या खिशातून किल्ली काढून दाखवली. चार नंबरचीच. सकाळी तुम्हीच हातात दिलीत, मी बसपर्यंत हात हलवला. मग ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, आणि पुढे काही न विचारता खाली जाऊन गरम पाणी आणि पाव घेऊन आली. ताट तिने उंबऱ्यावर ठेवलं. त्यानंतर ती खोलीत कधी आली नाही.

ती गेल्यावर त्याने दाराकडे पाहिलं. पिशवी नव्हती. बुटांची जोडीही नव्हती. पैशाचं पाकीट, पासपोर्ट, फोन आणि नळीची डबी उशाशी होती, तेवढी राहिली होती. चोरी, असं त्याने ठरवलं. आपल्यासारखा दिसणारा, आपली पिशवी उचलून गेलेला चोर. मालकिणीची नजर कमजोर असणार. हे सगळं एकात एक बसत होतं, आणि बसलं की त्याला बरं वाटायचं. दुपारी त्याने बाराव्या गावाहून ‘पोचलो’ पाठवलं.

तेराव्या दिवशी मालकिणीने बोलावलेले डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबलं, कावीळ म्हणाले. तीन आठवडे अंथरूण, मग घर. नाहीतर आधी घर, मग अंथरूण. दोन्हींत फिरणं नाही. नाडी बघताना त्यांनी मनगट सोडलं, स्वतःचे हात एकमेकांवर चोळले आणि पुन्हा धरलं. ताप तर मुळीच नाही, असं ते जाताना म्हणाले. त्याने नळी लावली. पस्तीस पूर्णांक दोन. उतरला की कधी कधी जरा जास्त उतरतो, हे त्यालाही माहीत होतं. एक वाजता तेरावं खोटं गेलं. खरं म्हणजे तिसरंच, पण त्याला तेरावं वाटलं.

चौदाव्या दिवशी त्याला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. आई जेवली नसेल, या विचाराने तो धडपडून उठला आणि फोन हातात घेतला.

‘पोचलो’ गेलेलं होतं. एक वाजून दहा मिनिटांनी. खाली एक फोटो होता. मोठं तळं, काठावर पाठमोरा माणूस, पाठीवर निळी पिशवी. त्याखाली ताईने लिहिलं होतं, वा, शेवटी एकदा फोटो पाठवलास.

बराच वेळ तो छपराच्या उतरत्या फळ्या मोजत पडून राहिला. अठरा होत्या. मग त्याने घरी फोन लावला. आता सगळं सांगून टाकायचं, काय हसायचं ते हसू देत, असा पक्का निश्चय करून.

“आई, मी बोलतोय.”

“परत? अरे, आत्ता तासाभरापूर्वी तर बोललास.”

“काय बोललो?”

“असं काय करतोस, तळ्याचंच सांगत होतास की. बाबाही ऐकून हसले.” मग ती थांबली. “तुझा आवाज असा का येतोय रे? मघाशी किती छान येत होता.”

तो म्हणाला, रेंज नाहीये नीट. आई म्हणाली, मग ठेव. इतक्या सहज तिने कधी फोन ठेवला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याने परतीचं विमान पंधरा दिवस, वीस दिवस नाही, तब्बल अडीच महिने अलीकडे आणलं. भीती होती का? होती. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. भ्यायलेला माणूस घरी फोन करून सांगतो की मी येतोय. त्याने सांगितलं नाही. ‘पोचलो’ मात्र रोज जात राहिले, आता त्याला हात लावायचीही गरज नव्हती.

सतराव्या दिवशी साडेबाराला त्याने घराची बेल वाजवली. पायात विमानतळावर घेतलेल्या चपला, हातात नळीची डबी. आईने दार उघडलं. तिचे हात पिठाने भरलेले होते. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं.

“बॅग कुठे आहे?” तिने विचारलं.

“हरवली.”

“हो, बरोबर,” आई म्हणाली. बॅग कुठे आहे ते ठाऊक असल्यासारखी. दारातून बाजूला व्हायला तिला थोडा वेळ लागला. “ये. बरं नाहीये ना तुला? ये आत.”

कुणी काहीच विचारलं नाही. रस्ताभर त्याने उत्तरं घोटली होती, एकही कामी आलं नाही. सुरुवातीला त्याला हायसं वाटलं. आपली लाज राखताहेत, असं समजून त्याचे डोळे भरून आले. बाबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. पावणेएकला ताटं मांडली गेली. भात झाकलेला, आमटीची वाफ थांबत आलेली. कुणी हात लावेना.

“कोणासाठी थांबलोय?” त्याने विचारलं.

“निरोप यायचाय अजून,” आई म्हणाली.

“आई, मी समोर बसलोय.”

“ते आहेच,” बाबा म्हणाले, आणि घड्याळाकडे बघत राहिले.

एक वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन वाजला. तिने वाचलं, तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बाबांनी उठून सतराव्या चौकटीत लाल खूण केली. मग आईने वाढायला घेतलं. त्याला तिने शेवटी वाढलं, वेगळ्या छोट्या ताटलीत, बिनतेलाचं. कावीळ डोळ्यांत दिसतच होती, तेव्हा तसंच वाढायला हवं, यात वावगं काही नव्हतं.

तो शेवटी तपासनीस होता. दुसऱ्या दिवशी त्याने फोनमधलं सिमकार्ड काढलं, फोन बंद केला, दोन्ही कपाटाच्या खणात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून जेवायला बसला. एक वाजून दहा मिनिटांनी निरोप आला. त्याच्याच नंबरवरून. तसं त्याने पाच दिवस करून पाहिलं. वेळेत एका मिनिटाचाही फरक पडला नाही.

मग त्याने बाबांना गाठलं. हे कोण पाठवतंय, असं थेट विचारलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

“सुटलेल्या गाडीची ती पोचेपर्यंत वाट बघायची असते,” ते म्हणाले. “मधे दुसरी गाडी आली, म्हणून पहिलीची नोंद बंद करता येत नाही.”

“पण बाबा, दुसरी कुठली? मीच गेलो होतो.”

“तूच म्हणाला होतास,” बाबा मऊपणे म्हणाले. “आधी कुणी आलं तर घरात घेऊ नका म्हणून. तरी घेतलं ना आम्ही.”

तो खाली मान घालून आत गेला.

आजाऱ्याची घ्यावी तशी ते त्याची काळजी घेत होते, त्यात कसूर नव्हती. फक्त, गॅलरीत उभा राहू नकोस, शेजारीपाजारी विचारतील, असं आई सांगायची. त्यालाही तेच हवं होतं. प्रयोगशाळेत त्याने कळवलं नाही. बेल वाजली की तो आपणहून मागच्या खोलीत जायचा. ताई आली की त्याच्याशेजारी बसून मोबाइलमधले फोटो दाखवायची. आता ते पाठमोरे नव्हते. “बघ ना, किती उजळलाय तो,” ती म्हणायची, “आणि लोकांत किती मिसळतो.” फोटोत त्याचंच नाक, त्याचीच हनुवटी, डाव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण. पण असं तोंडभरून हसणं त्याला कधी जमलं नव्हतं. अनोळखी माणसांच्या खांद्यांवर त्याने कधी हात टाकले नव्हते. आपल्याला जे व्हायचं होतं ते या माणसाला सहज जमतंय, हे बघताना त्याला राग यायला हवा होता. त्याला शरम वाटायची.

नळी तो रोज लावायचा. एकतीस पूर्णांक सहा. तीस. एकोणतीस पूर्णांक एक. मग आकडा अठ्ठावीसच्या आसपास थांबला. नळी बिघडली असणार म्हणून त्याने ती गरम पाण्यात तपासली, बर्फात तपासली. अचूक होती. एके दुपारी आई आडवी झालेली असताना त्याने ती तिला काखेत ठेवायला दिली. तिने काही न विचारता ठेवली. छत्तीस पूर्णांक नऊ. परत आपल्या काखेत. अठ्ठावीस. मग त्याने ती रिकाम्या टेबलावर ठेवली आणि पाच मिनिटांनी पाहिलं.

अठ्ठावीस.

चिठ्ठी लावायची तर कशाला लावायची, हे त्याला कळेना.

एकोणनव्वदाव्या दिवशी आईने त्याच्या खोलीचे पडदे धुतले, उशीचा अभ्रा बदलला. मग ती दारात येऊन उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला बोलायला अवघड जातंय हे त्याला दिसलं, म्हणून त्यानेच म्हटलं, मी मागच्या खोलीत झोपतो. आईने सुटकेचा श्वास सोडला. “शहाणा आहेस,” ती म्हणाली. हे वाक्य ती शेजाऱ्यांच्या मुलांना म्हणायची.

नव्वदाव्या दिवशी सकाळपासून घरात गडबड होती. ताई आली होती. तक्त्यावर एकच चौकट उरली होती, आणि तिच्यात बाबांनी गावाचं नाव लिहिलं नव्हतं, ‘घर’ लिहिलं होतं. मागच्या खोलीच्या फटीतून त्याला स्वयंपाकघराचा तुकडा दिसायचा. चार ताटं मांडलेली होती. त्याने मोजली. आई, बाबा, ताई. आणि एक.

करायला काही नव्हतं, म्हणून त्याने नळी काखेत धरली.

ओरडावं, बाहेर जाऊन उभं राहावं, असं त्याच्या मनात आलं. पण बाहेर जाऊन म्हणायचं काय? मी आजारी पडलो, घाबरलो, खोटं बोललो, अर्ध्यातून पळून आलो, तो मी आहे, असं?

तो बसून राहिला.

एक वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली.

दार उघडल्याचा आवाज. जड बूट काढल्याचा आवाज, एक, मग दुसरा. मग आवाज आला, ओळखीचा, मोकळा, जरा रापलेला.

“पोचलो.”

आई एकदम रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. सतराव्या दिवशी तो दारात आला तेव्हा ती रडली नव्हती.

“हात किती गरम आहे रे तुझा,” तिचा आवाज आला. “आजारी वगैरे नाही ना पडलास मधे?”

“एकदाच. अकराव्या दिवशी.” खुर्ची सरकली. “सकाळी उठवत नव्हतं. वाटलं, संपलं सगळं, आता घरी जावं लागणार. लाज वाटायला लागली. मग ते सगळं तिथेच खोलीत सोडलं आणि बस पकडली.”

“बरं केलंस,” बाबा म्हणाले.

भात वाढल्याचा आवाज आला. कुणीतरी आमटी मागितली. थोड्या वेळाने मागच्या खोलीचं दार उघडून ताई आत आली. तिच्या हातात निळी पिशवी होती. नारिंगी ठिगळ उन्हाने विटलं होतं. ती कोपऱ्यात ठेवून ती वळली, आणि तिची नजर त्याच्यावर पडली.

“अजून आहेस होय?” ती म्हणाली. रागाने नव्हे. हळूच.

तिने खिडकी लावून घेतली. जाता जाता पंख्याचं बटण बंद केलं, आणि दार ओढून घेतलं.

दुपारचं ऊन काचेवर आलं होतं. बंद खोली हळूहळू तापू लागली. त्याने काखेतली नळी काढून डोळ्यांसमोर धरली. अठ्ठावीस पूर्णांक चार. अठ्ठावीस पूर्णांक सात. खोलीबरोबर पारा चढत होता.